घोड्यावर न बसलेल्या बायका

आष्टी, जि. बीड
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. नातीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, पुतळ्यातली बाई नेहमी घोड्यावरच का असते गं?" फोनवर दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्न नाही. आयुष्यभर पोरींना इतिहास शिकवला, पण असा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. तेव्हा हे पत्र जरा लांबणार. चहा घेऊन बस.

तू पुण्यात बालगंधर्वजवळ झाशीच्या राणीचा पुतळा रोज बघतेस. कोल्हापूरच्या सहलीत कावळा नाक्यावर ताराराणीचा बघितलास. दोघी घोड्यावर, दोघींच्या हातात तलवार. त्या लढल्या, राज्य राखलं, तो मान त्यांचा हक्काचाच आहे. पण तुझ्या प्रश्नाचा रोख मला कळला. आपल्याकडे चौकातल्या चौथऱ्यावर चढायला बाईला ठरलेल्या वाटा आहेत. एक घोड्यावरून. दुसरी लेकराचं बोट धरून, म्हणजे बाळ शिवबासोबतच्या जिजाऊ. जिजाऊंनी पुण्याची जहागीर सांभाळली, न्यायनिवाडे केले, शिवाजी महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याचा कारभार पाहिला. पण शिल्पकाराला बहुतेक वेळा लेकराशेजारची आईच दिसते. तिसरी वाट देव्हाऱ्यातून. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाई बघ. निजामाच्या काळात ते मोमिनाबाद होतं, पुढे योगेश्वरीच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बाईच्या नावाचं गाव म्हणावं तर ती देवी.

आता पुरुषांचे पुतळे आठव. कुणी पुस्तक धरून उभा आहे, कुणी खुर्चीवर बसलाय, कुणी बोट दाखवतोय, कुणी नुसताच कोट घालून समोर बघतोय. पुरुषाला नुसतं उभं राहिलं तरी चालतं. बाईला काहीतरी अचाट करावं लागतं, नाहीतर कुणाची तरी आई व्हावं लागतं.

ही रीत पुतळ्यांच्या आधीची आहे. पुढच्या वेळी गावी येशील तेव्हा एखाद्या जुन्या महादेवाच्या किंवा मारुतीच्या देवळामागे नीट बघ. मराठवाड्यात कितीतरी गावांत तिथे दगड उभे असतात, निम्मे मातीत गेलेले, शेंदूर फासलेले. काही वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. त्याची अख्खी गोष्ट दगडात आहे. काही दगडांवर मात्र फक्त एक हात असतो, कोपरात वाकलेला, पंजा उघडा, मनगटात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. ती सतीशिळा. नवऱ्यामागे जाळून घेतलेल्या किंवा जाळल्या गेलेल्या बाईची खूण. तिला चेहरा नाही आणि बहुतेक ठिकाणी नावही नाही. गावाने तिच्यातलं जे जपलं, ते बांगड्या भरलेलं मनगट. गावातलं बाईचं सर्वांत जुनं सार्वजनिक स्मारक हे असं आहे. त्याला हळदकुंकू वाहणाऱ्या बायकांना मी कधी हसले नाही. पण एखाद्या मुलीने विचारलं की हिचं नाव काय होतं, तर काय सांगावं हे मला कधी सुचलं नाही.

मोठ्या घरच्या बायकांचं तरी काय झालं? आपल्या छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा तू शाळेच्या सहलीत पाहिलास. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ती कबर, १६६०च्या सुमाराची. तिला मरणोत्तर मिळालेला किताब राबिया-उद्-दुर्रानी. बांधकामाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आल्याची नोंद सांगतात. दारावरच्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपत राय यांची नावं आहेत. म्हणजे बांधणाऱ्यांची नावं दारावर कोरली, वरचे ७ आणेसुद्धा कुणीतरी लिहून ठेवले, आणि जिच्यासाठी एवढं सगळं उभं केलं ती लोकांच्या तोंडी नुसती 'बीबी'. तिकीट काढून आत गेलेल्या दहा माणसांना तिचं नाव विचारून बघ.

याच्या उलट गंमतही आपल्या शेजारी आहे. नगरच्या पूर्वेला डोंगरावर लांबून दिसते ती तीन मजली अष्टकोनी इमारत, चांदबीबी महाल. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिला याच नावाने ओळखतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मुत्सद्दी सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही. मग नाव का चिकटलं? मला वाटतं, लोकांना ती बाई विसरायची नव्हती. १५९५ साली अकबराच्या मुलाने, शाहजादा मुरादने, नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. १५९६च्या सुरुवातीला सुरुंगाने तटाला खिंडार पडलं. किल्ला लढवणारी चांदबीबी स्वतः उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. मुघलांना तह करावा लागला. वऱ्हाड गेलं पण नगर राहिलं. चार वर्षांनी, दुसऱ्या वेढ्यात, ती मुघलांना फितूर झाली असा बोभाटा करून तिच्याच माणसांनी तिला मारलं. त्यानंतर लवकरच किल्ला पडला. अशा बाईला लोकांनी आपल्या मनाने एक महाल देऊन टाकला, दुसऱ्याच्या कबरीचा. इतिहासाच्या शिक्षिकेने खरं तर ही चूक दुरुस्त करायची असते, आणि मी वर्गात ती करतही असे. तरी त्या चुकीवर माझा लोभ आहे. कुठल्याही सरकारी ठरावाशिवाय लोकांनी एका बाईचं नाव एवढ्या उंचावर नेऊन ठेवलं.

आणि आता नगर जिल्ह्यालाच एका बाईचं नाव लागलं आहे. २३ सप्टेंबर २०२२ला आपल्या न्यू आष्टी स्टेशनवरून पहिल्यांदा रेल्वे सुटली तेव्हा ती अहमदनगरला जात होती. आज तीच गाडी अहिल्यानगरला जाते. ३१ मे २०२३ला चौंडीत मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली, २०२४ साली राज्य आणि केंद्राच्या मंजुऱ्या होऊन नाव कागदोपत्री बदललं. चौंडी म्हणजे आपल्या पलीकडचं जामखेड तालुक्यातलं गाव, सीनेच्या काठचं. आपल्या तालुक्याच्या शिवेवरून वाहते तीच सीना. माणकोजी शिंद्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी तिथे अहिल्याबाईंचा जन्म झाला.

तू विचारशील, आजी, तुला आनंद झाला का? झाला. एस.टी.च्या पाटीवर बाईचं नाव वाचताना मला बरं वाटतं. अहिल्याबाईंचं काम बघ. १७५४ला कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ला सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ मुलगा मालेराव गेला. तिथून १७९५पर्यंत महेश्वरला बसून त्यांनी राज्य चालवलं. काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८०चं, गयेचं विष्णुपद, आपल्या परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार, घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा. महेश्वरला विणकर बसवले, ती साडी आजही विकली जाते. तलवारीवर त्यांचं नाव फार थोडं आहे, पाण्यावर आणि वाटेवर खूप आहे. आणि गंमत अशी की या बाईचे हुकूम 'श्रीशंकर' या नावाने निघत. जिने आपलं नाव मागे ठेवलं, तिचं नाव आज अख्ख्या जिल्ह्याला आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शीक. एखाद्या बाईचं नाव देणं ही एक गोष्ट आणि आधीचं एखादं नाव पुसणं ही दुसरी. नामांतराच्या सभेत दोन्हींची सरमिसळ होते, घोषणा जास्त दुसऱ्या गोष्टीच्या असतात, आणि जिचं नाव द्यायचं तिचं काम भाषणाच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरकलं जातं. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होती. १९९७ साली ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाली, व्ही.जे.टी.आय. ही अक्षरं तशीच राहिली. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनचंही जिजाबाई भोसले उद्यान झालं, लोक मात्र अजून राणीची बागच म्हणतात. परक्या राणीचं नाव जावं यात काही वावगं नाही. पण बघ, मुंबईतल्या या दोन्ही ठिकाणी बाईचं नाव द्यायची वेळ आली तेव्हा जागाही आधीच्या बाईचीच रिकामी झाली.

तरी गेल्या दहा-बारा वर्षांत एक वेगळी गोष्ट घडते आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. तू रोज ज्या फाटकातून जातेस, तिथे घोडा नाही. सावित्रीबाई लढल्या त्या शेणमाती अंगावर झेलून. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांचा अंत झाला. म्हणजे मास्तरीण आणि परिचारिका, दोन्ही कामं आपल्या ओळखीची, आपल्या घरातल्या बायका करतात ती. विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पुतळा बसला तो २०२२ साली. आणि भिडेवाडा? तो कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकून पडला, भिंती ढासळत गेल्या. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२३च्या शेवटी जागा मोकळी झाली, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. नाव पटकन लागतं. वास्तू वाचवायला पिढी जाते.

त्याहून मोठी उडी जळगावची. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्या आसोद्याच्या लेकीला अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर गाणी सुचायची. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. १९५२ला, बाई गेल्यावर, पुस्तक निघालं. एका शेतकरी बाईचं नाव आता पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर छापलं जातं. तिने राज्य केलं नाही, लढाई केली नाही, छत्रपतीला जन्म दिला नाही. तिने केलं ते फक्त स्वतःचं काम, आणि ते उत्तम केलं. तिकडेच एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, तेही एका कवयित्रीच्या नावाने. सोलापूर विद्यापीठाला २०१९ साली अहिल्यादेवींचं नाव मिळालं. आणि या सगळ्यांच्या आधीपासून मुंबईत नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ आहे. कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं ते विद्यापीठ. १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि आईचं नाव लावलं. तेव्हा नाव लागायला श्रीमंत मुलगा लागत होता. शंभर वर्षांनी एक ओवी पुरली. यालाच मी प्रगती म्हणते.

आपणच मागे आहोत असं मात्र समजू नकोस. लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये चर्चिल, गांधी, मंडेला असे सगळे पुरुष होते. पहिली बाई, मिलिसंट फॉसेट, तिथे २०१८ साली उभी राहिली. तिने उभा जन्म बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी घालवला होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दीडशेहून अधिक वर्षं खऱ्या बाईचा एकही पुतळा नव्हता. बाईचे म्हणून होते ते गोष्टीतल्या ॲलिसचे, नाटकातल्या ज्युलिएटचे. खऱ्या बायका आल्या २०२०मध्ये. म्हणजे तिकडेही खऱ्या बाईआधी कल्पनेतली बाई चौथऱ्यावर चढली.

आणि एक जागा अशी आहे जिथे सगळा हिशेब उलटा आहे. शुक्र ग्रह. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलं की तिथल्या विवरांना बायकांचीच नावं द्यायची. तिथे एका विवराला आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आहे, एकाला पंडिता रमाबाईंचं, एकाला बेने इस्रायली डॉक्टर जेरुशा झिराड यांचं. आनंदीबाई १८८६ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या, वय बावीसही पुरं नव्हतं. तिथे नाव मिळवायला त्यांना घोडा लागला नाही. नियमच तसा केला होता. हे लक्षात ठेव, कारण पुढे मला याच्यावरच यायचं आहे. नाव आपोआप लागत नाही आणि आपोआप राहूनही जात नाही. कुणीतरी बसून नियम ठरवतं.

आता शुक्रावरून आपल्या तालुक्यात ये.

आपल्याकडे बाईचं नाव आज सर्वांत जास्त कुठे कोरलेलं दिसतं सांग? कोनशिलेवर. सिमेंटचा रस्ता, समाजमंदिर, पाण्याची टाकी. खाली 'सरपंच सौ. अमुक अमुक'. हे पूर्वी नव्हतं. पंचायतीत आधी तिसरा हिस्सा जागा राखीव झाल्या, २०११पासून निम्म्या झाल्या, म्हणून ही नावं दगडावर आली. लोक नाक मुरडतात, कारभार नवराच करतो म्हणतात. काही ठिकाणी करतोही. पण कायद्याने नाव आधी लागलं आणि मग बाई त्या नावाच्या मापाची झाली, असंही मी पाहिलं आहे. सही करता करता फाईल वाचायला लागलेल्या बायका आहेत आपल्या तालुक्यात.

आणि नाव कुठे नसतं? मुकादमाच्या वहीत. दसरा झाला, दिवाळी झाली की आपल्या आष्टी, पाटोदा, शिरूर भागातून गाड्या भरून माणसं ऊस तोडायला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची. ती पहाटे उठून भाकरी थापते, फडात पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, रात्री कोपीत परत चूल पेटवते. हिशेबात ती अर्धा कोयता. एकटी बाई गेली तर तिला 'हाफ कोयता' म्हणतात. २०१९ साली या बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचा गवगवा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बघ, सरकारी कागदावर त्या पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे आल्या, आणि आल्या त्या आकडा म्हणून.

शेतीचंही तसंच. बांधावर दिवसभर बाई, सातबाऱ्यावर पुरुष. आणि तिचं नाव लागलंच तर मराठवाड्याच्या कागदात ते 'भ्र.' लावून, म्हणजे अमक्याची बायको म्हणून. १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगाव शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. १९९२ला सरकारनेही परिपत्रक काढून वाट मोकळी केली. आपल्या घरात तुझ्या आजोबांनी मला दोन एकर लिहून दिले ते तेव्हाचेच. त्या कागदावर माझं नाव वाचलं तेव्हा जे वाटलं, ते मला शाळेतल्या हजेरीपटावर सही करतानाही वाटलं नव्हतं. तू म्हणशील, पुतळ्यांचा प्रश्न विचारला आणि आजी सातबाऱ्यावर गेली. अगं, प्रश्न एकच आहे. चौकातलं नाव आणि तलाठ्याच्या दप्तरातलं नाव एकाच ठिकाणाहून निघतं: गाव कुणाला धरून मोजतं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आता आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं आहे. आपल्या अंगणवाडीतली आजची तान्ही पोरं शाळेत जातील तेव्हा प्रत्येक हजेरीत आयांची नावं मोठ्याने घेतली जातील. पुतळ्यापेक्षा हे मोठं स्मारक आहे, आणि त्याला कावळे-चिमण्यांचा त्रास नाही.

म्हणून मी तुला पुतळ्याच्या मागे लागू नकोस असंच सांगेन. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, जागा लागते, लाखो रुपये लागतात, आणि मग वर्षातून दोनदा हार व बाकी वर्षभर धूळ. शिवाय पुतळा म्हटलं की कमिटी बसते, आणि कमिटी बसली की तुला पुन्हा घोडाच दिसेल. नाव द्यायला मात्र पैसा लागत नाही, ठराव लागतो. आष्टीत नगर पंचायत आहे, तिथे सर्वसाधारण सभेत. आपल्या मूळ गावी ग्रामसभेत. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असा नियम आहे, तो आपल्याच सोयीचा आहे. २०२० साली सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायला सांगितलं, तेव्हा गावोगाव नवी नावं शोधायची वेळ आली. किती गावांत एखाद्या बाईचं नाव कुणी सुचवलं असेल? मी स्वतः त्या सभेत बसले होते आणि मीसुद्धा पुरुषांच्या नावांनाच हात वर केला, कारण दुसरं नाव कुणी पुढे आणलंच नव्हतं. नावं आधी गोळा करून ठेवावी लागतात.

तर गोळा कर. आधी वाचलेल्या इतिहासातून. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन करतो, झेंड्याखाली स्वातंत्र्यसैनिकांची नावं वाचतात. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध शस्त्र घेऊन लढल्या. त्यांचं नाव आष्टीत किती पोरांना ठाऊक आहे? त्यासुद्धा घोड्यावर बसत असं सांगतात, म्हणजे तुझ्या तक्रारीत बसतात. पण ही राजघराण्यातल्या बाईची गोष्ट आहे असं समजू नकोस. शेतकऱ्याघरची बाई होती ती.

मग न वाचलेल्या इतिहासातून. तुझ्या पणजीच्या पिढीत गावातली निम्मी पोरं एका सुईणीच्या हातावर जन्मली. तिचं नाव गावातल्या म्हाताऱ्यांना अजून येतं, दहा वर्षांनी येणार नाही. १९७२च्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांनी आपल्या भागातले रस्ते आणि पाझर तलाव उभे केले. त्या तलावांना गट क्रमांक आहेत. गावात पहिली बाई मास्तरीण कोण आली, पहिली मुलगी दहावी कोण झाली, करोनात दारोदार फिरलेली आशाताई कोण. हे सगळं फोनवर रेकॉर्ड कर, तुझ्या त्या यंत्राचा तेवढा तरी उपयोग. नाव, काम आणि साल, तिन्ही लिहून घे. कुणाची आई, कुणाची सून हे लिहायचं तर शेवटी लिही.

एक अट माझी. सुचवलेल्या नावापुढे नुसतं 'मातोश्री' चालणार नाही. गावात दिसणाऱ्या मातोश्री नावाच्या पाट्यांमागे मुलाचं प्रेम असतं, त्याला मी काही म्हणत नाही. पण त्या पाटीवर आईचं नाव नसतं आणि कामही नसतं. आपल्या पाटीवर दोन ओळी हव्यात. वर नाव, खाली काम. 'सुईण', 'शिक्षिका', 'ऊसतोड कामगार' असं स्पष्ट. ऊसतोड कामगार म्हणून पूर्ण नावाने एका बाईची पाटी जर आपल्या तालुक्यात एखाद्या बोळाला लागली, तर मुकादमाच्या वहीतल्या अर्ध्या कोयत्याला ते उत्तर होईल. मोठ्या शहरातल्या दहा पुतळ्यांनी ते होणार नाही.

लोक विरोध करतील. म्हणतील, तिने असं काय केलं? तेव्हा वाद घालू नकोस. रस्त्याला आज ज्या पुरुषाचं नाव आहे, त्याने काय केलं एवढंच विचार. पुष्कळदा उत्तर येतं की तो पुढारी होता किंवा पुढाऱ्याचा बाप होता. मग पुढचं सोपं जातं. आणि कुणी म्हणालं की अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला दिलं आता आणखी कशाला, तर सांग की त्या महाराणीने विहिरी खोदवल्या त्या दुसऱ्यांनी पाणी प्यावं म्हणून. तिच्या नावापुढे इतर बायकांची नावं अडवणं तिलाच आवडलं नसतं.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्याआधीच्या महिला सभेला मी जाणार आहे. अर्ज तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. निवेदनाची भाषा मी बघेन. नाव कोणाचं, यावर तुझं माझं पटणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. मी सुईणीच्या बाजूची आहे, तू बहुतेक त्या पहिल्या दहावी झालेल्या मुलीच्या बाजूची असशील. दोन्ही नावं मांडू. ज्या नावाला जास्त हात वर होतील, त्याला तुझी हरकत नसावी, माझीही नसेल. दोन्ही पडली तर १ मेच्या सभेत पुन्हा.

थंडी सुरू झाली आहे, स्वेटर घालत जा. पैसे लागले तर आईला सांगू नकोस, मला सांग.

तुझी,
आजी